निरंक

हर्णैला, बर्फ कारखान्याच्या माडीवर
मी अफरीन परकारचा कोड तपासतो आहे.
खाली लाद्या फुटताहेत, जमीन हलते, चहा थरथरतो.
तीनशे बारा ओळी.
मिरकरवाड्याची, जयगडची, देवगडची टेबलं
आमच्या सोसायटीच्या डेटाबेसात
इथलीच असल्यासारखी दिसावीत म्हणून.

दिसावीत. असावीत नव्हे.
टेबल राहतं तिकडेच, खाड्यांच्या पलीकडे,
इथे फक्त त्याचं नाव, रकान्यांची यादी
आणि पत्ता.
पाटी आमच्या दारावर, माणूस परगावी.

पहिला शेरा सोपा होता.
एकशे चाळिसाव्या ओळीत तिने
वर्षभराच्या सगळ्या नोंदी इकडे ओढून
मग त्यात एका होडीचं डिझेल शोधलं होतं.
मी लिहिलं : एक सुरमई हवी
म्हणून कुणी अख्खी पाटी आणून अंगणात ओततं का?
अट तिकडे पाठव. तिथेच निवडून घे.
तिचं उत्तर : सर, पाटी कुठली, ट्रॉलर आहे तो.
आणि दुरुस्त केलं.

दुसरा : पासवर्ड उघडा,
वलांडीवरच्या बोंबलासारखा. मांजरं मोजून ठेव.

मग दोनशे अठ्ठावीस.
पलीकडचा सर्व्हर बोलला नाही
तर तीस सेकंद थांब,
रिकामं टेबल परत दे, पुढे चल.
शून्य ओळी, शून्य चूक.
चाचण्या सगळ्या हिरव्यागार.
मी ती ओळ तीनदा वाचली,
तेवढ्यात लाईट गेली आणि खालचा आवाज थांबला.

माझे वडील बंदर कचेरीत कारकून.
अक्षर असं, की साहेब पाहुण्यांना वही दाखवत.
फयानच्या रात्री वायरलेसवरून
तीन बोटींना हाका गेल्या, जात राहिल्या,
आणि पहाटे त्यांनी तिन्ही नावांपुढे
'उत्तर' या रकान्यात
एकच शब्द लिहिला : निरंक.
नियमाला धरून. रकाना मोकळा सोडायचा नसतो.
खिडकीच्या गजांशी बायका उभ्या,
त्यातली एक विचारत होती,
निरंक म्हंजे काय वो, भाऊ?
आले का नाय आले?

दोन बोटी जयगडच्या खाडीत शिरून बसल्या होत्या,
बॅटऱ्या भिजलेल्या.
चौथ्या दिवशी आल्या.
तिसरीची एक फळी आली, निळी, अर्ध्या नावाची.
वहीत तिघी सारख्याच.
ते पान वडिलांनी पुन्हा कधी उघडलं का, ठाऊक नाही.
निवृत्तीनंतर मात्र ते
कुठलाच फॉर्म पुरता भरत नसत.

अफरीनला यातलं काही लिहिलं नाही.
ती तेव्हा पाचवीत असेल.
शेऱ्यात एवढंच :
'नाही' हे उत्तर वेगळं,
आणि उत्तरच नाही, हे वेगळं.
देवगड बोलला नाही
तर देवगड बोलला नाही, असं म्हण.
चूक गिळू नकोस. वर येऊ दे, लाल होऊ दे.

तिने लिहिलं : अहवाल अडेल, सर.
सोमवारी डिझेलचा परतावा अडेल, लोक फोन करतील.
करू देत.
फोन आला की कुणीतरी उठून बघतं.

संध्याकाळी तिचा नवा कोड आला.
लिलाव आटपून गाड्या वर चढत होत्या,
मी चाचणी चालू केली
आणि भिंतीतली केबल हातानं उपटली.
देवगड : संपर्क नाही.
शेवटचा शब्द : चार वाजून अकरा मिनिटं.
पुढचे रकाने तिने मोकळे सोडले होते,
मुद्दाम, एकेक.

खाली बर्फ पुन्हा फुटू लागला.
मंजुरीचं बटण दाबायचं होतं, त्याला केबल लागते.
ती परत लावायला
मी जरा वेळ घेतला.